शनिवारची दुपार

रविवारी सकाळी सात वाजता ऑफिस उघडून टेलेक्सवरचं कापड काढलं तेव्हा डायलच्या वर चिकटपट्टीने लावलेला एक कागद दिसला. मॅनेजरसाहेबांचं अक्षर. पुढची सूचना मिळेपर्यंत बहरैनला काहीही पाठवायचं नाही. खाली सही आणि सहीखाली दोन रेघा. साहेब दोन रेघा एरवी फक्त जहाज बुडालं किंवा कुणाला कामावरून काढलं तर मारत असत. कापड हातात तसंच धरून मी उभा राहिलो. मला पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे सुटका, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तीन शनिवार मी माझ्या भावाला टेलेक्स केला नव्हता, आपण होऊन रुसलेला माणूस होतो. आता मला वर सरकारी कारण मिळालं होतं. मी कापडाची नीट चौकोनी घडी केली, खुर्ची ओढली, कागदाचा रोल तपासला आणि एवढं सगळं झाल्यावर मनात आलं की बहरैनला का नाही?

युसुफ चहा घेऊन आला. युसुफ हा आमच्या ऑफिसचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून शिक्के आणणारा माणूस. दोहाजवळच्या अल वक्राचा, मासेमारांच्या घरातला, कतारी. दोन पेले टेबलावर ठेवून त्याने दार लोटलं. त्याला दार लोटायची सवय नव्हती. "चार्ल्स, कल उधर समुंदर में मुश्किल हुआ," तो म्हणाला. मग त्याच्या त्या खडबडीत हिंदीत त्याने सांगितलं ते असं. कतार आणि बहरैनच्या मधोमध समुद्रात एक उथळ खडक आहे. ओहोटीला वर येतो, भरतीला बुडतो. हे म्हणतात आमचा, ते म्हणतात आमचा. बहरैनवाले त्यावर भर घालून काहीतरी बांधत होते. काल इथून हेलिकॉप्टरं गेली, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तिथे कामावर असलेल्या परदेशी मजुरांना उचलून इकडे आणलं. "मरा कोई नहीं, ऐसा बोलते हैं," युसुफ म्हणाला. "मेरा खाला, अम्मा का बहन, उधर बहरैन में है, मुहर्रक में. कल से अम्मा रोटी नहीं खाती." मी चहाचा घोट घेतला. चहा जिभेला लागला नाही, नुसता गरम लागला. काल म्हणजे शनिवार. भर घालायच्या त्या कामावर माणसं पुरवणाऱ्या कंपनीत माझा भाऊ विल्यम टाइमकीपर होता.

इथे मला थोडं मागे जाऊन आमचं शनिवारचं प्रकरण सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. दोन्ही देशांत ऑफिसं बाराला बंद व्हायची ती तीनला उघडायची. साहेबलोक घरी जाऊन झोपत. विल्यम तिथे टाइमकीपर आणि टेलेक्सवालाही होता, मी इथे टेलेक्सवाला. शनिवारी दुपारी साडेबाराला मी त्याचा नंबर फिरवायचा. लाइन लागली की एक कळ दाबायची असते, तिचा अर्थ 'तू कोण?' मग पलीकडचं यंत्र आपण होऊन आपल्या कंपनीचं नाव छापतं, समोर माणूस असो नसो. रात्री दोनला दाबली तरी रिकाम्या खोलीतून ते नाव येतं. नाव आलं की मी लिहायचो, 'आहेस का?' आणि तो लिहायचा, 'नाही.' हा त्याचा विनोद सात वर्षांत बदलला नव्हता. मग आम्ही रोमन अक्षरांत मराठी बडवायचो, सगळी अक्षरं मोठी, जणू दोघं भाऊ विहिरीच्या दोन काठांवरून ओरडतायत. आईचे गुडघे, वसईतल्या निर्मळच्या जत्रेला कोण आलं होतं, केळीवर पडलेला रोग, कार्मिनने, म्हणजे माझ्या बायकोने, छपरासाठी मागितलेले पत्रे. तो मला चिडवायचा की बहरैनला खरंखुरं चर्च आहे, घंटेसकट, आणि दादा तुम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफे भिंतीला लावून मिस्सा ऐकता. मी म्हणायचो, देव सोफ्यावरही बसतो. आईने करून दिलेला वर्षाचा बाटली मसालाही तोच नेई, कारण बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला मसाला दोहाच्या विमानतळावर उघडून दाखवण्याची माझ्यात हिंमत नव्हती. एकदा नेला होता, तर कस्टमवाल्याने बूच काढून वास घेतला आणि त्याला इतक्या शिंका आल्या की त्याने माझा पासपोर्ट न बघताच शिक्का मारला. तेव्हापासून माझा वाटा विल्यमकडे असतो आणि कुणी येणारं-जाणारं मिळालं की पोचतो. ह्या वर्षीचा अजून पोचला नव्हता. मी तीन आठवडे तिखटात नुसती हळद घालून कालवण खात होतो आणि तेही त्याच्याच नावावर मांडत होतो.

कामाच्या साइटवर विल्यमला आठवड्यातून एकदा हजेरी घ्यायला जावं लागे. सकाळी लाँच, संध्याकाळी परत. आठवडा शनिवारी सुरू होतो, तेव्हा कंपनीला तो शनिवारीच जायला हवा होता. विल्यम काहीतरी थापा मारून रविवारी जायचा, कारण शनिवारची दुपार त्याने माझ्यासाठी राखली होती. हे मला माहीत होतं. आणि हे माहीत असताना ईस्टरनंतरच्या शनिवारी मी त्याला लिहिलं होतं, 'ह्यापुढे शनिवारी माझ्यासाठी बसू नकोस. साइटवर जा. ज्यांचा झेंडा नाचवतोस त्यांची हजेरी घे.' ते मी लिहिलं कशावरून, तर फुटबॉलवरून. ह्याची मला आजही इतकी लाज वाटते की मान खाली जाते.

आखाती देशांची स्पर्धा होती ती, त्या वर्षी बहरैनलाच. कतार आणि बहरैन समोरासमोर आले. निकाल मला आठवत नाही, आठवायचा नाही असं मी ठरवलं आहे. पण त्या आठवड्यात दोहामध्ये सगळे ह्याच गप्पा मारत होते, युसुफ ऑफिसात छोटा झेंडा लावून फिरत होता, त्याने मला एक दिला आणि मी तो टेलेक्सच्या पेनच्या डबीत खोचला. मी, चार्ल्स डाबरे, पंचेचाळीस वर्षांचा, गाव वसईतलं, व्हिसा दर दोन वर्षांनी नवा करावा लागणारा. मला ह्या संघातल्या एकाही खेळाडूचं नाव धड घेता येत नव्हतं. आणि तिकडे विल्यम स्टेडियममध्ये जाऊन आला होता, गळ्यात लाल मफलर घालून, एप्रिलच्या उकाड्यात. पहिल्यांदा गंमत होती. तो म्हणाला तुमच्या बॅकला डोळे नाहीत. मी म्हटलं तुमच्या रेफरीला आई नाही. मग त्याने लिहिलं 'तुमच्या देशाला', आणि मी लिहिलं 'तुमच्या बेटाला', आणि कुठेतरी त्या दोन ओळींच्या मध्ये आम्ही खरोखरच तापलो. यंत्राला आवाज चढवता येत नाही, तेव्हा बोटं जोरात आपटत होती. मी भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस घरमालकाच्या वतीने भांडत होतो. तोही तसाच. दोघांपैकी एकाला जरी कुणी विचारलं असतं की अरे बाबांनो, उद्या नोकरी गेली तर तुम्हाला ह्या दोन देशांपैकी कोणता ठेवून घेईल, तर आम्ही दोघं एकदम गप्प झालो असतो. पण दुपारी साडेबाराला विचारायला कोण होतं?

युसुफ गेल्यावर मी दिवसभर बिलं टाइप केली. बोटं आपली चालत होती. सिंगापूर, कराची, रॉटरडॅम. प्रत्येक ठिकाणी कळ दाबली की कुणी ना कुणी आपलं नाव सांगत होतं. मधूनच डोळ्यांसमोर लाँच यायची. मी ती कधी पाहिलेली नाही, तरी मला तिचा रंग माहीत होता, निळा. तिच्यात विल्यम बसलेला, मांडीवर हजेरीचं पुस्तक, आणि तोंडात तो अर्धा दात. वरचा, डावीकडचा. त्याचा उरलेला अर्धा मी मोडला. तो अकरा वर्षांचा होता, मी सतरा. आमचे वडील गेल्यावर मामा विल्यमला आपल्याकडे मोठ्या आळीत घेऊन गेला होता, मी आईजवळ तळेआळीत राहिलो. दोन आळ्यांच्या मध्ये एक ओढा आणि शंभर पावलं. पण ईस्टरच्या सोमवारी भाताच्या मोकळ्या शेतात ढेकळं फोडून, केळीचे खांब रोवून सामना व्हायचा तेव्हा ती शंभर पावलं खूप लांब पडत. त्या वर्षी त्यांचा गोलकीपर तापाने पडला आणि मामाने विल्यमला उभा केला. मोठ्याच्या चड्डीला सुतळी बांधून. माझ्याकडे चेंडू आला तेव्हा मी त्याला बघितलं. त्यानेही मला बघितलं आणि तो हसला, कारण समोर दादा होता, दादा हळू मारणार. मागून तळेआळीची पोरं ओरडत होती. मी हळू मारला नाही. तो हसत होता म्हणून तोंड उघडं होतं, एवढंच. पुढे दोन्ही आळ्यांनी एकमेकांना केळीच्या खांबांनी झोडपलं, पाच महिने बोलणं बंद, विहिरीवर बायकांच्या वेगळ्या वेळा, आणि फादरनी शेवटी वेदीवरून नावं घेऊन सगळ्यांना खाली बघायला लावलं. त्या पाच महिन्यांत आमची आई रोज संध्याकाळी डब्यात पातळ पेज घेऊन ओढा ओलांडून जायची, कारण विल्यमला चावता येत नव्हतं. दोन्हीकडच्या बायका टोमणे मारायच्या. आई कुणाकडे बघायची नाही, फक्त डब्याकडे, सांडेल म्हणून. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मी रोज वाट बघायचो की आज बोलेल.

संध्याकाळी मी टेलिफोनच्या कचेरीत गेलो. रांग होती, सगळे आपापल्या गावाला बोलणारे. फळीवर हात टेकून माझा नंबर येईपर्यंत मी मनात बहरैनचा आकडा घोकला. खिडकीपाशी पोचलो, बाईने पेन उचललं, आणि मी वसईच्या वाण्याच्या दुकानाचा नंबर सांगितला. तोंडून तोच आला. बहरैनचा सांगितला असता आणि तिथून कुणी म्हणालं असतं की विल्यम डाबरे कालपासून आलेला नाही, तर मी त्या काचेच्या खोक्यात उभ्या उभ्या काय केलं असतं, मला माहीत नव्हतं. वाण्याने कार्मिनला बोलावून आणलं. ती धावत आली होती, श्वास ऐकू येत होता.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. सहज केला."

"सहज? एवढ्या पैशांचा?" मग ती मऊ झाली. "आईंना विचारायचं होतंच. विल्यमचं पत्र नाही आलं ह्या महिन्यात. तुमचं बोलणं होतं ना शनिवारी?"

"होतं की. दर शनिवारी."

"मग आईंना सांगते तसं. त्या म्हणतात, दोघं बोलतायत तोवर मला पत्र नको."

मी हो म्हटलं. पैसे भरले. बाहेर कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, हवा ओलसर होती, शर्ट पाठीला चिकटत होता, समोर पाणी अगदी शांत, त्यात कुठे खडक असेल असं वाटू नये इतकं. लोक बायकामुलांना घेऊन फिरत होते. कुणाच्या चेहऱ्यावर लढाई नव्हती. मला वाचता येणाऱ्या पेपरात काही नव्हतं, रेडिओवर मला कळेल असं काही नव्हतं. मग हे युद्ध होतं कुठे, तर मुहर्रकच्या खालासाठी न खाल्लेल्या रोटीत, आणि माझ्यात. मी एका भिंतीवर बसलो आणि आईचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. मी तिला त्या पाच महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं की डबा दे, मी जातो.

सोमवारी बाराला साहेब गाडीत बसून गेले. युसुफ जाईना. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, मग म्हणाला, "चार्ल्स, तेरा भाई उधर है ना?" मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण सात वर्षं दर शनिवारी दुपारी उपाशी थांबणाऱ्या माणसाची चौकशी कुणी ना कुणी करतंच. मी कागदाकडे बोट दाखवलं. दोन रेघा. युसुफने तो कागद वाचला, त्याला इंग्रजी येत होतं तेवढं वाचलं. मग पेनच्या डबीतला छोटा झेंडा काढला, माझ्या हातात न देता आपल्या खिशात घातला. "फुटबॉल खलास," तो म्हणाला. "मैं बाहर बैठता है. कोई आया तो खाँसेगा." आणि खुर्ची घेऊन तो खरंच उन्हात जाऊन बसला, ज्याला एरवी गाडीपर्यंत चालणं जिवावर येतं असा माणूस.

मी नंबर फिरवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला नाही. तिसऱ्यांदा यंत्र थरथरलं आणि लाइन मिळाली. मी ती कळ दाबली. तू कोण? कागदावर कंपनीचं नाव छापलं गेलं, शेवटी बहरैनची दोन अक्षरं. नेहमीसारखंच, काही न झाल्यासारखं. मला त्या नावाचा इतका राग आला की वाटलं ते यंत्र तिथून उपटून काढावं. माणसाला उचलून नेलं तरी हे असंच आपलं नाव सांगत राहणार. मी लिहिलं, 'आहेस का?'

काही आलं नाही. पंखा फिरत होता. कागदाची कडा हलत होती, ती प्रत्येक वेळी अक्षर असल्यासारखी वाटायची. तिथे बारा वाजून गेलेले, जेवणाची वेळ, कुणीच नसेल. किंवा दुसरा कुणी असेल आणि काय लिहावं ह्या विचारात असेल. बाहेर युसुफ खाकरला आणि माझा हात बंद करायच्या बटणावर गेला, पण तो नुसताच खाकरला होता. मी पुन्हा लिहिलं, 'विल्यम, आहेस का?' मग घाईघाईत, चुका न खोडता, 'माझं चुकलं, मी हळू मारायला हवा होता.'

यंत्र थांबून होतं. मग एकदम चालू झालं.

'नाही.'

मी खुर्चीत मागे टेकलो. डोळे भरून आले, कागद दिसेना. त्याने पुढे लिहिलं तेव्हा ते मी कान देऊन ऐकलं, मग डोळे पुसून वाचलं.

'कोण विचारतंय? कतारचा चार्ल्स?'

'तळेआळीचा.'

'मग बोल.'

'शनिवारी गेला नाहीस?'

'नाही.'

'मी जा म्हटलं होतं.'

'तू म्हटलंस म्हणूनच नाही गेलो. तिन्ही शनिवारी इथेच बसलो. तू लावशील म्हणून नाही. लावलास तर उत्तर द्यायचं नाही म्हणून.' मग थोडं थांबून, 'उपाशी.'

मी हसलो असेन. युसुफने दारातून डोकं आत घातलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पुन्हा बाहेर जाऊन बसला. विल्यमची अक्षरं पुन्हा आली, ह्या वेळी हळू, एकेक.

'दादा, ह्या वेळी कंपनीने शनिवारीच जा म्हणून बजावलं, तेव्हा माझ्या जागी अबूबकर गेला. स्टोअरमधला, केरळचा. मीच म्हटलं त्याला, आजच्या दिवस हजेरी घेऊन ये, मला काम आहे. काम म्हणजे तुझ्यावर रुसणं. त्याला उचलून नेलंय. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ते सगळे तुमच्याकडे आहेत. तू बघ.'

तू बघ. मी, ज्याला साहेबांच्या परवानगीशिवाय सुटी मिळत नाही, तो काय बघणार होतो? पण मी लिहिलं, 'बघतो.' दादाने दुसरं काय लिहायचं असतं? बाहेर जाऊन युसुफला सांगितलं. त्याच्या एका चुलत्याचा मुलगा पोलिसांत होता. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप आणला की माणसं बरी आहेत, जेवतायत, बोलणी चालू आहेत, सुटतील, इन्शाल्ला. अबूबकर नावाचा कुणी आहे का ते कळलं नाही. त्या आठवड्यापासून मी दर शुक्रवारी सोफे भिंतीला लावलेल्या त्या हॉलमध्ये एका मुसलमान स्टोअरकीपरसाठी, ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, मेणबत्ती लावत होतो. युसुफची अम्मा रोटी खाऊ लागली होती, खालाचा निरोप आला होता. साहेबांचा कागद दोन आठवडे तसाच होता. मी त्याच्या खालून टेलेक्स करत होतो आणि युसुफ उन्हात काळा पडत होता.

मे महिन्याच्या मध्याला कागद निघाला. त्यानंतरच्या शनिवारी मी बाराला जागेवर बसलो, डबा उघडला, साडेबाराची वाट बघत. सव्वाबाराला माझं यंत्र आपण होऊन चालू झालं. सात वर्षांत कॉल नेहमी मी लावला होता.

'अबूबकर आला. बरा आहे. वजन वाढलंय. जेवण इथल्यापेक्षा चांगलं होतं म्हणतो. शनिवारची हजेरी पुस्तकात भरलेली घेऊन आला, सगळ्यांची, रोजच्या रोज, तिकडे ठेवलं होतं त्या दिवसांचीही. माझ्याशी बोलला नाही. मग मी त्याला तुझ्या वाट्याचा मसाला दिला. सगळा. आता बोलतो.'

मी माझ्या हळदीच्या कालवणाकडे बघितलं. लिहिलं, 'बरं केलंस. आईला पत्र टाक.'

'टाकलं. दोघं बोलतोय असं लिहिलं. एक-शून्य.'

कुणाचा गोल, ते त्याने लिहिलं नाही. संदेश संपला की पुन्हा एकदा ती कळ दाबायची रीत असते, लाइन शेवटपर्यंत तुटली नव्हती ना ह्याची खात्री म्हणून. मी दाबली. तू कोण? कंपनीचं नाव छापलं गेलं, शेवटी बहरैनची दोन अक्षरं. मी बंद करायला हात पुढे केला, तोच त्याखाली एक ओळ आली, माणसाने मारलेली, मधलं एक अक्षर चुकलेलं.

'मोठ्या आळीचा गोलकीपर. दादा, मारायचा तर मार.'